चार्ज देताना शिक्का देतात, पाटी कोणी देत नाही

परवा एचएसआरपी, म्हणजे ती नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवायला बोलेरो घेऊन अमळनेरला गेलो होतो. गाडी आमच्या मोठ्या चुलतभावाची, मी नुसता सोबतीला. लाईनीत आमच्या पुढं तीन गाड्या होत्या, त्यातल्या दोन गाड्यांना नंबर प्लेटच्या वर लाल पाटी, एकीवर 'उपसरपंच' आणि दुसरीवर 'मा. सदस्य, पं. स.', आता हे मा. म्हणजे माननीय का माजी ते वाचणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. फिटिंग करणाऱ्या पोरानं जुनी प्लेट काढली, नवीन बसवली, स्नॅप लॉक दाबलं, फोटो काढला आणि गाडीवाला म्हणाला म्हणून ती लाल पाटी परत होती तिथंच लावून दिली. नवीन प्लेटचा वरचा काठ झाकला गेला. पोराला काही बोललो नाही, त्याचं काय चुकलं, पण घरी येईपर्यंत डोक्यातून ते जात नव्हतं म्हणून आज लिहायला बसलोय.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ही नवीन प्लेट सक्तीची केली, टू व्हीलर आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, मोठ्या गाडीला ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदत किती वेळा वाढली ते सगळ्यांना माहितीये. प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला प्लेटचा ओळख क्रमांक, काढायला गेलं तर लॉक तुटतं, पुन्हा बसत नाही. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अक्षरं केवढी हवीत तेही लिहून ठेवलंय, चारचाकीला ६५ मिलीमीटर उंच, १० मिलीमीटर जाड, दोन अक्षरांमध्ये १० मिलीमीटर जागा. एवढं मापून कशासाठी केलं असेल? लांबून, चालत्या गाडीचा नंबर रस्त्यावरच्या माणसाला वाचता यावा म्हणून. आणि आपण त्याच्यावर रेडियमवाल्याकडून तीन-चारशे रुपयांत करून आणलेली पाटी लावतो, तीही अशी की आधी पाटी दिसली पाहिजे आणि नंबर दिसला तर दिसला.

हे मी दुसऱ्यांना सांगतोय असं नाही. आमच्या बोलेरोवर पण होती पाटी. २०२२ च्या डिसेंबरात वहिनी थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आल्या, गावात गुलाल उडाला, भाऊ तर दोन दिवस झोपला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाला चल रे अमळनेरला, पाटी करायचीये. मीच त्याला ओळखीच्या रेडियमवाल्याकडं घेऊन गेलो, मीच अक्षरं निवडली, लाल पाटीवर पांढरं 'सरपंच' आणि खाली बारीक अक्षरात गावाचं नाव. घरी आणली तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या, पाटीकडं बघून म्हणाल्या, "निवडी मी उनू, गाडी तुमनी शे, मंग पाटी कसाले?" म्हणजे निवडून मी आले, गाडी तुमची आहे, मग पाटी कशाला? भाऊ हसला, मी पण हसलो, आणि पाटी लागली. त्या दिवशी वहिनी जे बोलल्या ते मला कळायला पुढं जवळजवळ वर्ष गेलं.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत, सायकलला दोन्हीकडं किटल्या अडकवून फाट्यावरच्या हॉटेलांना दूध घालायचे, पासष्टीच्या पुढचे, पण सायकल अशी चालवायचे की पोरं मागं पडतील. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत येताना मागून एका पांढऱ्या मोठ्या गाडीनं उडवलं. गाडी जरा हळू झाली, ड्रायव्हरनं काच खाली केली, मागं बघितलं आणि निघून गेला. फाट्यावरच्या टपरीवर पाच जण बसले होते, पळत आले, आप्पांना रिक्षात घातलं, मांडीचं हाड मोडलं होतं, पुढं रॉड टाकावा लागला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते पाचही जण बाहेर उभे होते आणि पाचही जण एकच सांगत होते, सभापतीनी गाडी व्हती. लाल पाटी होती, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'सभापती' होतं. एकाला पाटीच्या कडेला सोनेरी पट्टी होती तेसुद्धा आठवत होतं. स्ट्रेचरवरून आप्पाच विचारत होते, "नंबर देखा का कोन्ही?" आणि कोणीच बघितला नव्हता, म्हणजे खोटं बोलत नव्हते बिचारे, त्यांनी प्रामाणिकपणे पुढं मागं दोन्ही बघितलं होतं, पण डोळा पाटीवर गेला आणि तिथंच थांबला, नंबर खाली कुठंतरी गार्डच्या पाईपमागं. तो क्षण मला अजून आठवतो, पाच साक्षीदार आणि एकाकडंही एक आकडा नाही.

तक्रार द्यायला गेलो तर तिथल्या हवालदारसाहेबांनी सरळ प्रश्न विचारला, कोणते सभापती? आणि तिथं आम्ही गप्प झालो. आता बघा ना, जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४, नंदुरबारात ६, म्हणजे खानदेशात २५ पंचायत समित्या, २५ सभापती, २५ उपसभापती, त्याशिवाय जिल्हा परिषदेचे विषय समित्यांचे सभापती वेगळे, बाजार समितीचे सभापती वेगळे, आणि या सगळ्यांचे माजी. मोठी गोष्ट तर मला नंतर सुचली, जळगाव जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत २०२२ च्या मार्चमध्येच संपली होती, सगळीकडं प्रशासक बसले होते. म्हणजे ज्या संध्याकाळी आप्पांना गाडीनं उडवलं त्या संध्याकाळी आमच्या अख्ख्या जिल्ह्यात पंचायत समितीचा एकही चालू सभापती नव्हता! पद नाही, खुर्ची नाही, सही चालत नाही, पण पाटी गाडीवर फिरतेय. आमच्या पाच साक्षीदारांनी जे वाचलं ते नावही नव्हतं आणि पदही नव्हतं, त्यावरून कोणाचं दार वाजवायचं?

पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळालं, त्यात गाडी जाताना दिसते, पाटीवर लाईट पडून ती चकाकते, खालचा नंबर पांढरा धब्बा. संपलं.

नंबर नसला की पुढं काय होतं ते मला आप्पांमुळं समजलं. गाडी सापडली असती तर तिचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो, मोटार अपघात दावा प्राधिकरणात केस टाकता येते, ऑपरेशनचा खर्च, कमाई बुडाली त्याचे पैसे, पायात कायमचं अधूपण आलं त्याचे पैसे, सगळं मागता येतं. गाडीच माहीत नाही म्हटल्यावर तो रस्ता बंद. मग राहते ती हिट अँड रनची सरकारी योजना, १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत असली तर ५० हजार, अर्ज तहसील किंवा प्रांत ऑफिसला करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. ही योजना लोकांना माहितीच नसते म्हणून मुद्दाम सांगतोय, कोणाच्या घरी अशी वेळ आली तर एफआयआर आणि दवाखान्याची सगळी कागदं जपून ठेवा आणि अर्ज कराच. आप्पांना ५० हजार मिळाले. रॉडला आणि दवाखान्यालाच त्याच्या दुप्पट लागले होते, म्हशी दोन होत्या त्यातली एक विकली, आणि सायकल काही परत हातात आली नाही, आता नातू मोटरसायकलवर दूध घालतो.

म्हणून मला आता गाडीचा नंबर हा गाडीवाल्याचा वाटतच नाही. तो रस्त्यावरच्या माणसाचा आहे. गाडीवाल्याला स्वतःचा नंबर बघायची गरज कधी पडते? पार्किंगमध्ये शोधताना, बास. खरी गरज ज्याला पडते तो खाली पडलेला असतो.

आपल्याकडं लाल दिव्याचं पण असंच होतं. निवडणुकीत लोक उघड म्हणायचे, यंदा आपल्या तालुक्याला लाल दिवा मिळाला पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या डिसेंबरात सांगितलं की लाल दिवा फक्त मोठ्या घटनात्मक पदांना, बाकी कोणाला नाही, आणि मग केंद्र सरकारनं १ मे २०१७ पासून तोही काढला, मंत्र्यांच्या सुद्धा गाडीवरून, फक्त ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, पोलीस यांना त्यांचे दिवे राहिले. त्या वेळी मला मनापासून आनंद झाला होता. पण दिवा गेला आणि पाट्या वाढल्या हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. दिव्याला निदान एक यादी होती की कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, पाटीला कसली यादीच नाही, रेडियमवाला पैसे घेतो, ओळखपत्र मागत नाही. शाखाध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, सरपंच पती, भावी नगरसेवक, मी स्वतः वाचलेल्या पाट्या सांगतोय या. नंबर प्लेटवर नंबर सोडून काही लिहायचं नाही, आडकाठी करायची नाही हा नियम आहे, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० दंड आहे, पण पद लिहिलेल्या गाडीला हात कोण करणार, आणि त्याचसाठी तर पाटी लावलेली असते.

भावाशी यावरून माझं दोन-तीनदा चांगलंच वाजलं, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही हे कबूल करतो. तो म्हणाला, रात्री दोनला गावातल्या बाईला बाळंतपणाला घेऊन जातो तेव्हा नाकाबंदीत दहा मिनिटं वाचतात. तहसीलला गेटवर गाडी अडवतात, पाटी असली की सोडतात. सरपंचाला सरकार गाडी देत नाही, डिझेल देत नाही, मानधन बघ किती आहे. ते खरंच आहे, २०२४ च्या सप्टेंबरात दुप्पट केलं तेव्हा २ हजार लोकसंख्येच्या आतल्या गावाच्या सरपंचाला महिन्याला ६ हजार झाले, त्याआधी ३ हजार. एवढ्या पैशात माणूस गाव सांभाळतो, पाण्याच्या मोटरीपासून भांडणापर्यंत सगळं त्याच्या दारात, तर एवढा मान मिळाला तर काय बिघडलं? माझ्याकडं याला लगेच उत्तर नव्हतं. आजही वाटतं की सरपंचाला मान मिळायलाच पाहिजे, तहसीलमध्ये उभं ठेवायला नको, खुर्ची द्यायला पाहिजे. पण तो मान खिशातल्या ओळखपत्रावर मिळाला पाहिजे ना, कारण ओळखपत्रावर फोटो असतो, पद कधी संपणार ती तारीख असते, ते दुसऱ्याला वापरता येत नाही. पाटी लावलेली गाडी भाऊ चालवतो, पुतण्या चालवतो, कापूस वेचायच्या दिवसांत शेजारचे मागून नेतात, आणि आत कोणीही असलं तरी बाहेरून ती सरपंचाचीच गाडी दिसते.

टोलवर एकदा पुतण्या अडून बसला होता, सरपंचाची गाडी आहे, पैसे कसले. हायवेच्या टोल नियमांत माफीची यादी दिलेली आहे, त्यात राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, खासदार, आपल्या राज्यात आमदार वगैरे आहेत, ॲम्ब्युलन्स आहे, पण सरपंच नाही, नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही. तिथल्या पोरीला त्यानं जे सुनावलं ते ऐकून मला मान खाली घालावी लागली. एकोणीस वर्षांचं पोरगं, त्याला वाटलं पाटी म्हणजे पास आहे. त्याला हे आम्हीच शिकवलं ना.

आमचे मोठे काका नव्वदच्या दशकात याच गावचे सरपंच होते. एसटीनं तालुक्याला जायचे, हातात कापडी पिशवी, पिशवीत लेटरपॅड, शाईचा पॅड आणि गोल शिक्का. शिक्क्याला ते फार जपायचे, घरात पोरांना हात लावू देत नसत, म्हणायचे हा ग्रामपंचायतीचा आहे, आपला नाही. मुदत संपली त्या दिवशी त्यांनी ग्रामसेवकासमोर चार्ज दिला, दप्तर मोजून दिलं, चाव्या दिल्या, शिक्का दिला, कागदावर सह्या झाल्या. मी लहान होतो, सोबत गेलो होतो, शिक्का टेबलावर ठेवताना त्यांनी तो आधी धोतराच्या सोग्यानं पुसला होता ते मला अजून दिसतं. आता चार्ज देताना शिक्का देतात, दप्तर देतात, पाटी कोणी देत नाही. कारण ती मुळात ग्रामपंचायतीनं दिलेलीच नसते, पद गावाचं असलं तरी पाटी आपण विकत आणलेली, मग ती काढायची तारीख पण आपल्याच मनात.

आणि बायकांच्या पदाचं तर काय होतं बघा. २०११ पासून आपल्याकडं स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. निम्म्या गावांत सरपंच बाई आहे, आणि गाडी कोण चालवतं? वहिनी पंचायत समितीच्या मीटिंगला कितीतरी वेळा वडापनं गेल्या आहेत कारण बोलेरो त्या दिवशी शेतात किंवा कोणाच्या लग्नात असायची, पाटीसकट. लग्नात भावाला पुढं बसवलं, शाल दिली, सरपंचसाहेब म्हणून माईकवर नाव घेतलं. वहिनी वडापमध्ये मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन. हे मी डोळ्यानं बघितलंय आणि मला ते सहन झालं नाही.

मग वेगळी नंबर प्लेट असूच नये का? मला तर वाटतं असावी, पण माणसाला नाही, सरकारी पैशातून घेतलेल्या गाडीला. आमची मावशी सुरतला असते, उधन्याला, तिकडं गेलो की दिसतं, गुजरातच्या सरकारी गाड्यांच्या नंबरमध्येच जी हे अक्षर असतं, कर्नाटकात पण तसंच आहे. केरळनं तर सरकारी गाड्यांसाठी केएल-९० असा वेगळाच कोड ठरवला आणि त्यात राज्य सरकार, केंद्र सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था यांना वेगवेगळी अक्षरं. गल्लीतला एक पोरगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे, तो सांगत होता तिकडं सरकारी गाडीच्या प्लेटवर ई हे अक्षर असतं, राज्याची गाडी असली तर ते पत्त्यातल्या चौकटच्या आकारात आणि शहराची किंवा काउंटीची असली तर अष्टकोनात. म्हणजे रस्त्यावरचा माणूस लांबूनच ओळखतो की ही गाडी आपल्या पैशाची आहे, आणि रविवारी ती कोणाच्या साखरपुड्याला उभी असेल तर त्याला विचारता येतं. आणि यात नंबर झाकला जात नाही, नंबरच सांगतो. आपल्याकडं 'महाराष्ट्र शासन' असं लिहिलेली गाडी खरंच शासनाची आहे का साहेबाच्या मेव्हण्याची हे कसं ओळखायचं? एमएच १९, एमएच १८, एमएच ३९, खानदेशातलं कोणतंही पासिंग घ्या, पंचायत समितीची जीप आणि माझी गाडी एकाच सिरीजमध्ये. एक अक्षर वेगळं केलं तर केवढं काम होईल, आणि त्याला नवीन पाटीचा खर्चही नाही, आताच सगळ्या प्लेटा बदलल्या तेव्हा सरकारी गाड्यांचं हे करून घेता आलं असतं असं मला फार वाटतं.

आमची पाटी आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी निघाली. मी काढली नाही, भावानं स्वतः पाना घेऊन काढली, कोणाशी काही बोलला नाही. आप्पांच्या दारासमोरच गाडी उभी होती, आप्पांना उचलून आत नेताना ते त्या लाल पाटीकडं बघत होते, रागानं नाही, नुसते बघत होते, आणि भावाला ते दिसलं. पाटी कोठीत पडून होती, नंतर वहिनींनी ती ग्रामपंचायतीत नेली आणि मागची बाजू ग्रामसभेच्या तारखा लिहायला वापरतात.

परवा बोलेरोला नवीन प्लेट बसली, वर काही नाही, खाली काही नाही, दहा पावलांवरून आकडे वाचता येतात, मी मोजून बघितलं. घरी आल्यावर वहिनींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, तुमच्या गाडीचं झालं, माझ्या गाडीचं काय? त्यांची गाडी म्हणजे ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर, ज्याच्या मागं टँकर लागतो आणि सकाळी कचरा उचलतात. त्याच्या बॉनेटवर '१५ वा वित्त आयोग' मोठ्या अक्षरात आहे, गावाचं नाव आहे, आणि नंबर पुसून गेलाय, पहिले दोन आकडे तेवढे दिसतात. एचएसआरपी बुक करायला चेसिस नंबर लागतो, त्यासाठी आरसी लागते, आरसी मागच्या ग्रामसेवकांच्या कुठल्याशा फाईलीत आहे. वहिनी दोन दिवस दप्तर उपसतायत, उद्या मी पण जातोय मदतीला.